मनगटावरचा हात

ही देविका स्वतःला समजते तरी कोण? वयाने माझ्या लेकीएवढी, आणि भर कचेरीत मला सांगते, "काकू, आज तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही." तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण मी बोलायला नुसता श्वास घेतला तरी तिला कळतं. माझ्या शेजारी बसून तिने माझं मनगट धरून ठेवलं. चोराला धरतात तसं.

चूक माझी, असं तिचं म्हणणं. माझा बुद्धभूषण सव्वीस वर्षांचा. जन्मापासून हात थरथरतात, जीभ जड. अपंगत्वाचा दाखला काढताना मी त्याला हात मांडीवरून हलवू दिले नाहीत. डॉक्टरांना म्हटलं, याला गिलासही धरता येत नाही, घास मीच भरवते. असं सांगितल्याशिवाय कुणी दाद देत नाही, हे रांगेतल्या बायकांनी शिकवलेलं. मागच्या महिन्यात दुरुस्तीकामाच्या प्रशिक्षणाच्या मुलाखतीला इथे आलो, तेव्हाही सवयीने तेच बोलून गेले. साहेबांनी लिहिलं, प्रशिक्षणास अयोग्य. देविका अपंगांच्या ज्या संस्थेत काम करते, तिने भांडून ही दुसरी मुलाखत मिळवली. तिसरी मिळणार नव्हती.

साहेबांनी जुना कागद वाचला. "माताजी ने तो कहा था, गिलास भी नहीं पकड़ सकता. मशीन कैसे खोलेगा?"

भूषणचे ओठ हलायला लागले. आवाज येईना. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्याचं पहिलं अक्षर निघेपर्यंत माझी तीन वाक्यं होतात, आणि इतकी वर्षं ती मीच बोलत आले. आताही सगळं ओठांवर आलेलं: इस्त्री, पंखा, घरातलं सगळं हाच दुरुस्त करतो. मनगटावरची पकड घट्ट झाली.

"वक़्त दीजिए सर," देविका म्हणाली. "जवाब वही देगा."

"गिलास..." भूषण म्हणाला. "माँ... पकड़ने... नहीं देती."

दारातला शिपाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली नाही.

भूषणने साहेबांच्या टेबलावरचा पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी उचलला. माझा हात उठला, देविकाने दाबून खाली घेतला. निम्मं पाणी शर्टावर सांडलं. उरलेलं तो प्यायला आणि गिलास जागेवर ठेवला. मग आमच्या घराशेजारच्या सरलाचा बंद पडलेला मिक्सर त्याने पिशवीतून काढला, उलटा केला, आणि मनगट टेबलाच्या कडेला टेकवून स्क्रूड्रायव्हरने स्क्रू फिरवायला घेतला. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा स्क्रू निघाला.

साहेबांनी तो स्क्रू उचलून बघितला. मग त्यांनी जुन्या ओळीवर रेघ मारली. "सोमवार से आ जाओ. साढ़े नौ बजे."

घरी, द्वारकेला जाणारी मेट्रो पकडायला निघालो. स्टेशनचा जिना भूषण कठडा धरून एकटाच चढायला लागला. त्याचा शर्ट पुसायला काढलेला रुमाल माझ्या हातातच राहिला.

"काकू, रागावलात?" देविकाने विचारलं.

"उद्धट आहेस तू," मी म्हणाले. "भूषणच्या बाबांनीसुद्धा हयातीत मला कधी गप्प बसवलं नाही. सोमवारी मी येत नाही, तो एकटा येईल. डबा मात्र मीच भरणार. त्यावर तू एक शब्दही बोलायचा नाही."