बोटानं बघायची शिवण

माझ्या ब्लॉगवर पहिली कमेंट आली त्याला आज महिना झाला, आणि ती लिहिणाऱ्या माणसाचे आभार मानून माझं अजून समाधान झालेलं नाही. खरं तर मी त्याचं नुकसान करून बसले होते. तरी तो आला. म्हणून हे सगळं नीट, पहिल्यापासून सांगते.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. बाईमाणूस, त्यातून एकसष्ट वर्षांची, म्हणून लोक दुकानाच्या दारात थबकतात आणि विचारतात, "मेकॅनिक कुठं आहेत?" मी म्हणते, "जेवायला गेलेत, तोवर मी करून देते." हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. मशीन उघडण्याआधी ते दहा मिनिटं नुसतं चालवून ऐकत बसायचे. मला एवढा धीर कुठला? माझ्या तोंडाचा पट्टा आधी सुटतो, कान नंतर उघडतात.

गेल्या वर्षी माझी भाची म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे सांगण्यासारखं एवढं आहे, ब्लॉग लिही." ती दवाखान्यात एक्स-रे काढते, माणसाच्या आत काय आहे ते बघायची तिला सवयच आहे. लिहिला ब्लॉग. नऊ लेख टाकले. वाचणाऱ्या दोघी: एक भाची आणि दुसरी मी.

"असं कसं कुणी येईल?" भाची म्हणाली. "तू जातेस का कुणाच्या दारात? दुसऱ्यांचं वाच, खाली चार शब्द लिही. पण वाचून लिही हं, मावशी. 'छान छान' करून पळू नकोस."

"मला काय वेड लागलंय?" मी म्हणाले. छान छान म्हणणारी मी नव्हेच. माझा रोग वेगळा.

शोधता शोधता एक ब्लॉग सापडला. लिहिणारा स्वतःला 'सुईदोरेवाला' म्हणवत होता. दिवसभर एका कचेरीत टपालाची नोंद करायची आणि घरी आलं की आईच्या जुन्या मशीनवर पिशव्या शिवायच्या, असा माणूस. नव्या लेखावर एका निळ्या पिशवीचा अगदी जवळून काढलेला फोटो होता. मी शिवण बघितली आणि माझे हात शिवशिवले. खालचा पांढरा दोरा वरच्या बाजूला ठिपक्याठिपक्यांनी डोकावत होता. म्हणजे वरचा दोरा नको तितका आवळलेला. आमच्या धंद्यात याला पहिल्या दिवसाची चूक म्हणतात.

लेख बाजूलाच राहिला. मी फोटोखाली लिहिलं, "टेन्शन फार घट्ट आहे. दोरा ज्या दोन चकत्यांमधून जातो, त्यांच्यावरचा नट काढा, चकत्या पुसा आणि नट सैल बसवा. इतकी वर्षं ही शिवण सहन तरी कशी केलीत?" खाली माझ्या ब्लॉगचा पत्ता ठोकून दिला आणि चहा ठेवला. काय खूश होते हो मी स्वतःवर!

आठवड्यानं त्याचा नवा लेख आला. इनमीन सहा ओळी. "एका जाणकार बाईंनी सांगितलं तसं केलं. शिवण आता स्वच्छ येते, दुकानातल्यासारखी. आईची शिवण मात्र गेली. ती वारल्यापासून दोन वर्षं तिनं लावलेला नट मी हलवला नव्हता. काय गेलं ते गेल्यावर कळलं, आणि किती आवळायचा ते आता मला ठाऊक नाही. बाईंचा दोष नाही. पण आता शिवावंसं वाटत नाही, लिहावंसंही नाही."

हातातलं काम टाकून मी भाचीला फोन लावला.

"अगं, मी त्या माणसाची उरलीसुरली आई पुसून टाकली गं."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, तू त्याचा लेख वाचला होतास का?"

मी टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागले.

"बोल ना."

"फोटो बघितला होता."

"मग आता वाच," म्हणाली आणि फोन ठेवला. लहान तोंडी मोठा घास, पण बरोबर होतं तिचं.

दोन दिवस मी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं आणि त्याचे साठ-पासष्ट लेख पहिल्यापासून वाचले. सासरे मशीन ऐकायचे तसे, मध्ये न बोलता. एका लेखात होतं, शेवटची काही वर्षं आईची नजर कमी होत गेली, पण शिवण काही सुटली नाही. दुसऱ्यात होतं, पिशवी झाली की आई शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवायची. तिसऱ्यात तो थोडा वैतागला होता: "भारी हट्टी बाई. मेकॅनिकला मशीनला हात लावू द्यायची नाही, दारातूनच परत पाठवायची." आणि सगळ्यात जुन्या एका लेखात त्याच्या लहानपणीच्या सदऱ्याचा फोटो होता. आईनंच शिवलेला, याच मशीनवर. त्यावरची शिवण स्वच्छ होती, एक ठिपका नाही.

मी खुर्चीतून उठलेच. दुकानातलं एक जुनं मशीन पुढं ओढलं, जाड कापड घातलं आणि नट थोडाथोडा आवळत शिवत गेले. मग डोळे मिटून अंगठा फिरवला. खालचा दोरा वर ओढला गेला की दर टाक्याला बारीक उंचवटा येतो, आणि तो अंगठ्याला लागतो. टाका कुठं सुटला, शिवण कुठं वाकडी गेली, सगळं न बघता कळतं. त्या माउलीनं मशीन बिघडवलं नव्हतं. डोळे साथ देईनात म्हणून तिनं ते बोटांसाठी लावून घेतलं होतं, आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मी तिथंच स्टुलावर बसून रडले. एक गिऱ्हाईक डोकावलं, त्याला म्हटलं, "मेकॅनिक जेवायला गेलेत, उद्या या."

मग त्या सहा ओळींखाली मी कमेंट लिहिली. अख्खी सकाळ गेली.

"मी तुमचा लेख न वाचता तुम्हाला शहाणपण शिकवलं. चुकले. आता सगळे वाचलेत." पुढं मला काय कळलं ते लिहिलं, कुठल्या कुठल्या लेखातून कळलं तेही. आणि शेवटी लिहिलं, "आईंनी शिवलेली एखादी पिशवी घ्या. तसलंच कापड, तसलाच दोरा. नट पाव फेरा आवळा, वीतभर शिवा आणि थांबा. डोळे मिटा. एक अंगठा आईंच्या शिवणीवर ठेवा, एक तुमच्या. सारखं लागेपर्यंत करत राहा. डोळ्यांनी बघू नका, ती शिवण डोळ्यांसाठी नव्हतीच. आणि एकदा जमलं की माझ्यासारख्या कुणाचं ऐकू नका." या खेपेला ब्लॉगचा पत्ता टाकला नाही. कुठल्या तोंडानं टाकणार?

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी भाची धापा टाकत दुकानात आली. "मावशी, तुझा ब्लॉग उघड! कुणीतरी आलंय!"

सासऱ्यांवरच्या माझ्या पहिल्या लेखाखाली तो आला होता.

"तुमचे नऊही लेख वाचले. इथं लिहितो, कारण मशीन आधी ऐकायचं हे तुम्ही इथंच सांगितलंय. अकराव्या खेपेला दोन्ही अंगठे सारखे झाले. डोळे लगेच उघडवेनात. आईला दिसत नव्हतं आणि मी शेजारच्या खोलीत बसून तिला हट्टी म्हणत होतो. हे मला ती गेल्यावर तुमच्यामुळं कळलं. तुम्ही नट सोडायला लावला नसतात, तर कधीच कळलं नसतं. तेव्हा त्या पहिल्या कमेंटचेही आभार. नव्या पिशवीला सुरुवात केली आहे."

भाचीनं मला पाणी आणून दिलं. "आता उत्तर लिही ना," ती म्हणाली. एरवी माझं तोंड बंद होत नाही, आणि त्या दिवशी चार ओळी लिहून चारही खोडल्या. शेवटी लिहिलं, "तुम्ही वाचलंत. देव तुमचं भलं करो." एवढंच.

काल टपालानं, ब्लॉगवर दिलेल्या दुकानाच्या पत्त्यावर, एक पुडकं आलं. आत निळी पिशवी होती, चिठ्ठी नव्हती. मी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि शिवणीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. टाका न् टाका लागला.