पडद्यावरचं नाव

हेमराजनं मिथुनची फाईल उघडली आणि आधी खिडकीबाहेर पाहून घेतलं. मिथुन चहाला गेला होता.

मच्छीमार सोसायटीच्या कॉम्प्युटरवरचा हा प्रोग्राम दोघांनी पुस्तकात पाहून पाहून पायथनमध्ये लिहिला होता. आज तलावात कोणाच्या जाळ्याची पाळी, एवढंच तो सांगायचा. पाळी पुढं सरकवायची ती हेमराजची फाईल, नाव पडद्यावर दाखवायचं ती मिथुनची.

पण चार दिवस झाले, हेमराजनं पाळी सरकवली तरी पडद्यावर सोमाजीच होता. सोमाजी म्हणजे मिथुनचा बाप. आज सकाळी हेमराजचा काका इस्तारी आपल्या पाळीला तलावावर गेला, तर सोमाजीची जाळी आधीच पाण्यात.

"पोट्टा बापाचं नाव हलूच देत नाई," इस्तारी चारचौघांत बोलला. "आज सोसायटीच्या सभेत त्याले या कामातून काढूनच टाकू."

ते ऐकून हेमराज तडक इथं आला होता. त्यालाही तेच वाटत होतं. लाइट जाऊन आली की नाव बरोबर यायचं. मग एरवी काऊन नाही?

फाईलीत सोमाजी कुठंच लिहिलेला नव्हता. हेमराजनं परत शोधलं. मग पहिल्याच ओळीवर त्याचं बोट थांबलं.

from pali import chalu

मिथुननं पाळीच्या फाईलीतून नुसतं चालू नाव उचलून आणलं होतं. प्रोग्राम सुरू झाला तेव्हा सोमाजीची पाळी होती, तेच नाव तो धरून बसला. मागं पाळी बदलली, हे त्याला कळणार कसं? लाइट गेली की सगळं नव्यानं सुरू, म्हणून तेव्हा बरोबर.

चोरी नव्हतीच. हेमराज एकटाच हसला. त्यानं अख्खी फाईल आणायची ओळ टाकली, import pali, आणि दरवेळी नाव तिथूनच विचारलं, pali.chalu. मग पाळी गोल फिरवून पाहिली. नावं भराभर बदलली. शेवटी खऱ्या जागेवर, इस्तारीवर, आणून ठेवली.

"काय करून राह्यला बे?"

मिथुन दारात उभा होता.

"ये, पाह्य! तू काईच केलं नाई. आता बरोबर दाखवते."

मिथुननं पडद्याकडं पाहिलं.

"माह्या फाईलीत हात घातला?"

"अबे, एकच ओळ. बस, समजावून सांगतो."

"अन् नाव तुह्या काकाचं आलं."

"पाळीच त्याची आहे ना!"

मिथुन बसला नाही.

"तू नावं फिरवत होता," तो हळूच म्हणाला. "मी मघापासून पाहून राह्यलो."