आरशातून पाहिलेल्या मारामाऱ्या

मित्रांनो, केस कापताना मान हलवायची नसते. त्यामुळे माझ्याकडे सरळ बघणारी माणसं मला फार कमी भेटली. मी सलूनमधला टीव्ही आहे, जुन्या घडणीचा, डब्यासारखा, पाठीला कुबड असलेला. कारखान्यातून निघालो तेव्हा एखाद्या दिवाणखान्यात मानाची जागा मिळेल, अशी माझी समजूत होती. पण मला घेतलं एका सलूनवाल्याने. त्याच्या दुकानात पुढे आरसे, बाजूला दार आणि बाकडं. उरली मागची भिंत. तिथे फळी ठोकून मालकाने मला बसवलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि मला समोरच्या आरशात बघायचं. बाकड्यावरच्यांनाही मान मागे वळवण्यापेक्षा आरसाच सोपा पडायचा.

आरशात सगळं उलटं. सिनेमाचं नाव वाचता येत नसे, म्हणून सिनेमे खुणेनेच ओळखले जायचे. हा पुलावरचा, तो आगगाडीचा. आणि सगळे हिरो डावखुरे असतात, यावर आमच्या सलूनचं एकमत होतं.

"डाव्या हाताची जास्त लागते, म्हणून मुद्दाम तसले निवडतात," ड्रायव्हरकाका सांगायचे. आयुष्यभर बस चालवून ते निवृत्त झाले होते. दाढीपुरते यायचे आणि जेवायच्या वेळेपर्यंत मतं देत बसायचे. "गुंड बघा, कसे एकेक करून येतात. कुणी मध्ये घुसत नाही."

"आपली गिऱ्हाइकं कुठे बसतात इतकी शांत," मालक म्हणायचा.

मालिकांचीही अशीच खरडपट्टी निघायची. सून कालच्या भागात चहाचा कप घेऊन जिन्यात उभी होती, आजही तिथेच आहे, चहाचं पार सरबत झालं असेल, असं कुणीतरी म्हणायचं आणि दुकानभर हशा पिकायचा. मालकाचं मत मात्र ठरलेलं. "सगळं खोटं आहे हो. दोऱ्या बांधलेल्या असतात." असं म्हणणाऱ्या मालकाची कात्री हाणामारी सुरू झाली की हवेतच थांबायची. पुलावरचा सिनेमा लागला होता, त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा एक कल्ला वर आणि एक खाली झाला. तोही सिनेमात इतका गुंगला होता की तसाच घरी गेला.

मालकाची मुलगी चिमी शाळा सुटली की बाकड्यावर येऊन बसायची. तिचा अभ्यास कमी आणि मतं जास्त. दुकान रिकामं असलं की ती आरशासमोर उभी राहून गुद्दे मारायची, पडायची, गडगडायची. आरशातले हिरो डावखुरे, म्हणून हीसुद्धा डाव्या हाताने मारायला शिकली. मला ते बघून इतकं बरं वाटायचं! माझ्याकडून कुणी काहीतरी शिकत होतं.

ती मोठी झाली आणि सिनेमातल्या मारामाऱ्या बसवणाऱ्या एका मास्तरांना जाऊन भेटली. दोन्ही हात सफाईने चालवणारी मुलगी त्यांना हवीच होती.

"पडून पोट भरणार?" मालकाने विचारलं. "त्यापेक्षा माझी कात्री धर."

"बाबा, मला पडता येतं. चांगलं येतं."

ती बॅग घेऊन निघाली तेव्हा मालक कुणाचे तरी केस कापत होता. तो वळला नाही. तिला जाताना त्याने आरशातच पाहिलं.

त्यानंतर तो पडद्यावरच्या प्रत्येक पाठीत मुलगी शोधू लागला. हिरॉइनच्या जागी जी पडते तिचा चेहरा दाखवत नाहीत. डोक्यावर खोट्या केसांचा टोप असतो, त्यामुळे केसांवरूनही ओळख पटत नाही, आणि केस ओळखणं हा तर त्याचा धंदा. 'सगळं खोटं' हे त्याचं मत कधी बंद झालं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एका सकाळी चिमीचा फोन आला. "बाबा, आज दुपारी सिनेमा लागणार आहे. हिरव्या कपड्यांत जिन्यावरून गडगडत येते ना, ती मी."

"लागलं का गं?"

"तुम्ही बघा तर खरं."

दुपारी तो जिना आला. ड्रायव्हरकाकांच्या एका गालावर फेस तसाच ठेवून मालक वळला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. चिमी वरून निघाली, कठड्यावर आपटली, पायऱ्यांवरून गडगडत खाली आली आणि निपचित पडली. लगेच दृश्य बदललं. हिरॉइनचा चेहरा दिसला, गालावर नेमकी शोभेल तेवढी धूळ. ती उठली आणि पळत सुटली.

"पडणं काही खरं वाटलं नाही," बाकड्यावरचा एक जण म्हणाला.

"ही दुसरी उठली," मालक म्हणाला. "आपली कुठे उठली?"

तो जाहिराती संपेपर्यंत थांबला, सिनेमा संपेपर्यंत थांबला. मित्रांनो, माझा जीव तुटत होता. वरून येईल तेवढंच मी दाखवू शकतो. चिमी उठतानाचं एवढंसं दृश्य माझ्याजवळ असतं, तर बाकीचे सगळे सिनेमे मी देऊन टाकले असते.

मालकाने तिथूनच फोन लावला. "चिमे, उठलीस ना?"

ती हसली असावी. "बाबा, ते काम होऊन वर्ष झालं."

"ते कळतं मला. उठलीस ना?"

मालक फोन घेऊन माझ्या फळीला टेकला. मग पलीकडून आवाज आला. "उठले, बाबा. थोडा वेळ लागला. पण माझी मी उठले."

मालकाने डोळे पुसले, फोन खिशात टाकला आणि ड्रायव्हरकाकांची उरलेली दाढी केली.

आता दुकानात चपटा टीव्ही आला आहे. तो आरशांच्या वर आहे, त्यामुळे हिरो उजव्या हाताने मारतात आणि नावं सरळ वाचता येतात. मी माळ्यावर आहे. खालची मतं अर्धीमुर्धी ऐकू येतात आणि फार आठवण येते. चिमी अजून आलेली नाही. हातातलं काम संपलं की येते म्हणते. दार वाजलं की मालकाचा हात थांबतो, ते मला वरूनही कळतं.

मित्रांनो, सिनेमाला खुशाल नावं ठेवा, तो तुमचा हक्कच आहे. पण मोठे होऊन लांब गेलात आणि कधी पडलात, तर घरून फोन यायची वाट बघू नका. आपणहून सांगा, की उठलो. तेवढं ऐकलं की घरच्या माणसाला पुन्हा हातात काम घेता येतं.