म्हाताऱ्याच्या हातातले विमान

मित्रांनो, मी एक जुने, प्लास्टिकचे लढाऊ विमान आहे. नाव लढाऊ, पण काळीज सशाचे. कोणी आगपेटी हलवली तरी माझ्या अंगावर काटा येतो. हसू नका. एकदा मला जिवंत जाळायला काढले होते.

जन्मतः मी विमान नव्हतोच. खोक्यात प्लास्टिकच्या जाळीला लटकलेले राखाडी तुकडे, एवढाच मी. पाचूबंदर या कोळीवाड्यातल्या प्रीतलचा मामा मोठ्या जहाजावर नोकरीला होता. २००१ सालच्या नाताळात त्याने मला परदेशातून आणून तिच्या हातात ठेवले.

प्रीतल तेव्हा सातवीत होती. तिने नेलकटरने एकेक तुकडा जाळीतून सोडवला. प्रत्येक 'कट्' आवाजाला मी दचकत होतो. मग तिने कडा पॉलिश पेपरने घासल्या, खोक्यातल्या गोंदाने जोड चिकटवले आणि ते सुटू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे लावून ठेवले. पोटात तिने इवलासा वैमानिक बसवला. चला, सोबत मिळाली, म्हणून मला धीर आला. पण तोही माझ्यासारखाच गप्प! आम्ही दोघे मिळून घाबरू लागलो.

रंग मात्र खोक्यात नव्हते. प्रीतलचे वडील अँथनी यांची मासेमारीची होडी होती. ती रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट त्यांनी माळ्यावरून काढला.

"बाय, हा रंग खाऱ्या पान्यात वरसभर टिकतो," ते म्हणाले. "तुझ्या इमानाचं काय घेऊन बसलीस!"

डब्यात रंग घट्ट झाला होता. होडीच्या वेळी करतात तसाच त्यांनी त्यात सढळ हाताने थिनर ओतला. लाकडाला थिनर काही करत नाही. मी प्लास्टिकचा आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या वासानेच मी गारठलो.

उजव्या पंखावर पहिला हात फिरला आणि काय चमकलो म्हणून सांगू! प्रीतलने टाळ्या वाजवल्या. माझे आयुष्यातले पहिले कौतुक ते. आणि तेवढ्यात पंख चुरचुरू लागला. मग मऊ पडला. त्यावरच्या बारीक रेषा पुसून गेल्या, ब्रश त्यात रुतू लागला आणि टोक मेणबत्तीसारखे खाली वाकले. मी वितळत होतो, आणि अँथनी मन लावून दुसरा हात देत होते.

"डॅडी, थांब! त्याचा पंख गेला!" प्रीतल किंचाळली.

त्या दिवशी ती जेवली नाही. पुढे मला नुसते पाहणेही तिला सोसेना. तिने मला रागारागाने आपल्या चुलतभावाला, जेसनला देऊन टाकले.

आमच्याकडे एकतीस डिसेंबरला सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतात. जुनी पँट, फाटका सदरा, आत पेंढा आणि फटाके. जेसन आणि गल्लीतली मुले तोच बनवत होती. जेसनने मला मासेमारीच्या जाळ्याच्या दोरीने म्हाताऱ्याच्या हातात करकचून बांधले आणि ओरडला, "यंदा म्हातारा फ्लाइटने जाणार!"

सगळी दुपार त्यांनी आम्हाला दारोदार मिरवले. म्हाताऱ्याच्या छातीतून फटाक्यांच्या दारूचा वास येत होता. फटाक्यांची वात माझ्या शेपटीला टोचत होती. जो तो मला बघून हसत होता. अंधार पडला की काडी लागणार, हे मला ठाऊक होते. मी प्रत्येक दारात एकच तोंड शोधत होतो.

शेवटी वरात प्रीतलच्या दारात आली. अँथनी उंबऱ्यावर जाळे विणत बसले होते.

"हे कोनी दिलं?"

"प्रीतलनेच, काका. खराब झालंय ना ते."

अँथनींनी जाळे खाली ठेवले. "खराब मी केलं. होडीची फळी कुजली तर आमी होडी जाळतो काय रे? फळीच्या भोकात लांबीचा लगदा भरतो आनि परत दर्यात लोटतो." मग त्यांनी घरात तोंड करून हाक मारली, "बाय, इमान तुझं हाय. तूच सांग, जाळू दे काय?"

प्रीतल बाहेर आली. माझ्या वाकड्या पंखाकडे बघत राहिली. संपले, असे मला वाटले. मग तिने गाठीला हात घातला. ओढावी तशी गाठ आणखी आवळत होती, आणि मुले "चल ना, उशीर होतोय" म्हणून गलका करत होती. तिने सरळ दात लावले. दोरी तुटली तेव्हा मी तिच्या मुठीत होतो.

म्हातारा त्या वर्षी रिकाम्या हातांनी जळाला. पुढे अँथनींनी माझ्या पंखात तीच लांबी भरली. प्रीतलने ती घासून सारखी केली आणि मला पुन्हा रंगवले, थिनरचा थेंबही न घालता. तरी तो पंख जाडच राहिला. मी उजवीकडे कलतो.

मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू बिघडली, तर रागाच्या भरात ती कोणाला देऊन टाकू नका. जरा थांबा, तिला पुन्हा एकदा हातात घेऊन बघा. आम्हाला ओरडता येत नाही हो. त्या दुपारी मी मनातल्या मनात "प्रीतल, प्रीतल" असा टाहो फोडत होतो, आणि सगळी गल्ली हसत होती.