जुन्या पुलाचं तोंड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक रुंद नदी समोर आणा. अलीकडच्या काठावर भिंगरीचं घर, पलीकडे तिची आई कामाला जाते तो चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना. तिकडे जाणारी बस बंद झाली, तेव्हा आईने सायकल बाहेर काढली.

रविवारी मायलेकी नव्या पुलावरून जाऊन आल्या. रस्ता मोकळा, गुळगुळीत. आई खूश झाली. सोमवारी मात्र ती गुडघा फोडून घेऊन घरी आली. शेजारून ट्रक गेला की नुसत्या वाऱ्यानेच सायकल कठड्यावर जायची.

"सोड ती नोकरी," बाबा म्हणाले. "जिवापेक्षा मोठी आहे का?"

"नोकरी नाही सोडायची. रस्ता बदलायचा," गुडघ्याला पट्टी बांधत आई म्हणाली.

बाबांची थोरली बहीण तिथेच बसली होती. आत्या म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी रस्ता पाहिलात होय? लग्नाच्या फोटोवरून नवऱ्याचा स्वभाव कळतो का? कामाच्या वेळी बघा."

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी तिघी जुन्या पुलाकडे गेल्या. पूल अरुंद, म्हणून ट्रकना बंदी. सायकलीला आणखी काय हवं? पण पुलाच्या तोंडाशी गाड्या अशा खेटून उभ्या, की मांजरानेही अंग चोरावं. उरला बाजूचा जिना. सायकल खांद्यावर घेऊन चढायचा. दुखऱ्या गुडघ्याने रोज कसं जमणार?

आणि अगदी मधोमध उभा होता बाबांचा टेम्पो! त्यांचं सुतारकामाचं दुकान समोरच होतं.

बाबा अंगावरचा भुसा झटकत बाहेर आले. "सगळेच लावतात, ताई. मी एकट्याने काढून काय होणार?"

"अरे, बायकोला नोकरी सोड म्हणताना तुझी जीभ अडखळली नाही. टेम्पो हलवायचा म्हटलं की मात्र जड जातं," आत्या म्हणाली. "तिला ट्रकच्या तोंडी कोण धाडतं? ही वाट बुजवणारे. त्यांत तूही आलास."

बाबांनी आईच्या पट्टीकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढली. "मागच्या गल्लीत लावतो. फळ्या उचलून आणीन. हात काही झिजत नाहीत."

मुलांनो, चांगला रस्ता शोधावा लागतो, हे खरंच. पण आपणच कुणाची वाट अडवून उभे नाही ना, हे आधी पाहावं. 'सगळेच करतात' म्हणणाऱ्यांतला एक जण बाजूला झाला, तरी एका माणसापुरती वाट होते.

टेम्पो निघाला. आई त्या फटीतून थेट पुलावर गेली. तेवढ्यात रिकामी जागा हेरून एक मोटार वळली. भिंगरी आपली छोटी सायकल घेऊन आडवी उभी राहिली. आत्या तिच्या शेजारी.

"सरक गं बाळ, गाडी लावायचीय."

"काका, ही जागा रिकामी नाही, हा रस्ता आहे. संध्याकाळी माझी आई इथूनच परत येणार आहे."

काकांनी हॉर्न वाजवला.

भिंगरीने घंटी वाजवली.