आनेकलच्या बारशाची पातेली

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही," वासुदेवराव म्हणाले, "आणि वाटलंच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं समजा."

बनशंकरीतल्या त्यांच्या दुकानात भाड्याने द्यायची पातेली, पराती, घंगाळं इतकी रचलेली होती, की माणसाने भांड्यांची परवानगी काढून बसावं. शंतनु एका पालथ्या पातेल्यावर बसला होता. ते पातेलं त्याच्या खाली उगीचच वाजत होतं, कारण त्याचा पाय थरथरत होता.

थरथरायला कारण होतं. समोर प्रदीपकुमार बसले होते. अर्ध्या दक्षिण बेंगळुरूला लग्नाचं जेवण घालणारे केटरर, घरात तीन पिढ्यांची मराठी, बाहेर कन्नड. त्यांच्याशेजारी श्वेता, शंतनुची बॉस. श्वेताच्या कंपनीने 'आपोआप' नावाचं एक सॉफ्टवेअर काढलं होतं. फोनवर गिऱ्हाइकाशी बोलायचं, ऑर्डर घ्यायची, टेम्पो ठरवायचा, सगळं म्हणे स्वतःच्या अकलेने. दोन महिने ते वासुदेवरावांच्या दुकानात चाचणीला लावलं होतं. आज वासुदेवरावांनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, बरं म्हटलं, तर प्रदीपकुमार ते घेणार होते. प्रदीपकुमारांनी घेतलं, तर पुण्याहून आलेला आणि अण्णांच्याच माडीवर भाड्याने राहणारा शंतनु नोकरीत कायम होणार होता. नाही घेतलं, तर पुण्याची गाडी.

आणि आतली एक गोष्ट होती. पहिल्याच आठवड्यात 'आपोआप'ने एका श्राद्धाच्या घरी नवरानवरीच्या खुर्च्या पाठवल्या होत्या. अण्णांनी जाऊन पाया पडून त्या परत आणल्या. तेव्हापासून श्वेता आणि शंतनुखेरीज कुणाला न कळता प्रत्येक ऑर्डर आधी माडीवर शंतनुच्या लॅपटॉपवर यायची. तो वाचायचा, चुकलेलं दुरुस्त करायचा, 'हो' दाबायचा, मगच भांडी हलायची.

"याला ह्यूमन इन द लूप म्हणतात," श्वेता म्हणाली होती. "पण प्रदीपकुमारांसमोर लूप म्हणू नकोस. ह्यूमन तर अजिबात नको. हे जमलं नाही ना शंतनु, तर आपल्या सगळ्यांचंच कठीण आहे रे." तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहून त्याला नाही म्हणवलं नव्हतं.

"सांगा अण्णा," प्रदीपकुमार म्हणाले. "खरंच स्वतःहून करतं?"

"स्वतःहून?" अण्णांनी बाय-टू कॉफीतला आपला अर्धा कप एका घोटात संपवला. "अरे, या पोरांनी त्याला माझे जुने फोन ऐकवून शिकवलंय. आता माझ्या दुकानाची रीत काय? गिऱ्हाईक म्हणतं दोन पातेली पुरे. मी म्हणतो, असू द्या हो, चार पाहुणे वाढले तर? ते म्हणतं नको नको. पहिलं नको मी धरतच नाही. आपल्यात पहिल्या नकोला कोण वाढायचं थांबतं?"

"कोणी नाही," प्रदीपकुमार लगेच म्हणाले. त्यांचा धंदाच त्यावर होता.

"हां. तर हे यंत्र तेच शिकलं. एक दिवस आनेकलहून फोन. बारसं आहे, दोन पातेली, एक झारा. आणि तिकडे फोनवर कोण? दुसरं यंत्र! हॉलवाल्याने घेतलेलं, त्याच्या आईच्या, भागुबाईंच्या, बोलण्यावर तयार झालेलं. त्या भागुबाईंच्या घरून आजवर कोणी एकदाच जेवून उठलेलं नाही. आमचं म्हणालं, चार घ्या. ते म्हणालं, नको नको, खूप झालं. आमचं म्हणालं, आमच्या गळ्याची शपथ."

"गळा कुठला त्याला?" शंतनु पुटपुटला.

"तेच तर! गळा नसताना शपथ घातली. मग भागुबाईंचं यंत्र मागे राहील? ते म्हणालं, तुमची पातेली घेतो, पण आमचे लाडू घ्यावे लागतील. झालं! इकडून पातेली, तिकडून लाडू. माझी भांडी संपली तशी आमच्या यंत्राने पार के. आर. पुरमपर्यंतच्या दुकानांतली उचलली. बाळ पाळण्यात एवढंसं, आणि दारात लॉऱ्यांची रांग!"

"मल्टी-एजंट निगोशिएशन," श्वेता हळूच म्हणाली. आपण असं काही बनवलेलं नाही हे तिला माहीत होतं, पण ऐकायला फार छान वाटत होतं.

अण्णांनी शंतनुकडे बघितलं. शंतनुने पातेल्याकडे बघितलं. त्याला ती ऑर्डर आठवत होती. दोन पातेली, एक झारा. यंत्राने वीस लिहिली होती, त्याने दोन केली होती. लाडू वगैरे काही नव्हतं.

"आणि पुढे ऐक प्रदीप," अण्णा म्हणाले. "त्या सगळ्या लॉऱ्या संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या वेळेला, सिल्क बोर्डाच्या चौकातून गेल्या. एकही थांबली नाही. ब्रेकसुद्धा लावला नाही कुणी!"

शंतनुला वाटलं, चला, सुटलो. त्या चौकात गाड्या तासन्‌तास तुंबतात, बेंगळुरूत काल आलेला माणूससुद्धा हे गिळणार नाही. प्रदीपकुमार तर इथेच जन्मले होते.

प्रदीपकुमार डोळे मोठे करून म्हणाले, "अय्यो! सिग्नलशी पण बोललं असणार ते."

"एंड-टू-एंड ऑटोनॉमस," श्वेता म्हणाली. आता मात्र तिचा आवाज जरा घाबरला होता.

"सरी अण्णा, ठरलं." प्रदीपकुमारांनी मांडीवर थाप मारली. "फोनवर आमची शिवलीला बसते. ऑर्डर तीच घेते, तपासते तीच. चांगली पोरगी आहे, पण आता तिचं काय काम? उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो."

शंतनुचा पाय थांबला. पातेलं गप्प झालं. शिवलीलाला त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण ती काय करते ते त्याला नेमकं कळलं. तो जे करत होता तेच. तिला घरी पाठवलं, की पहिल्याच लग्नात वरातीच्या दारात श्राद्धाची पानं जातील. नाहीतर तिच्या जागी कोणी दुसरा शंतनु कुठल्यातरी माडीवर लपून 'हो' दाबत बसेल, आणि त्याचं नाव 'आपोआप' असेल.

त्याने श्वेताकडे पाहिलं. तिने डोळे वटारले नाहीत. नुसती कपातल्या थंड कॉफीत बघत राहिली, जणू कोणीतरी खरं बोलावं असं तिलाच वाटत होतं.

अण्णा आरामात मागे रेलले. रोज दुपारी माडीवर चहा घेऊन जाणारे तेच. 'काय रे करतोस दिवसभर?' असं विचारून, 'मॉनिटरिंग' हे उत्तर मान डोलवत ऐकणारेही तेच. आता त्यांचं बोलणं प्रदीपकुमारांशी चाललं होतं आणि नजर शंतनुवर होती.

"आणि प्रदीप, सगळ्यात मोठी गंमत तर राहिलीच," ते सावकाश म्हणाले. "एवढी भांडी गेली, आली, मोजून जागेवर लागली, आणि दोन महिन्यांत त्या यंत्राला कुणा माणसाचं बोटसुद्धा..."

"खोटं!" शंतनु इतक्या जोरात उठला, की पातेलं गडगडत प्रदीपकुमारांच्या पायाशी गेलं. "साफ खोटं आहे, अण्णा! लाडू खोटे, लॉऱ्या खोट्या, सिल्क बोर्ड तर महाखोटं! या दुकानातून झारा जरी बाहेर गेला ना, तरी आधी माडीवर बसून 'हो' मी म्हणतो! मी!"