भिंतीवरच्या कवट्या

बाळाला निजवून तिने लाकडी ठशावरून सात कवट्या छापल्या आणि कागद वाळायला भिंतीवर टाचले. उद्या प्रदर्शन होतं. अंघोळ करून येते तर काय, सासूबाईंनी प्रत्येक कागद उलटा करून पुन्हा टाचलेला.

"अहो आई, शाई ओली होती." तिने कागद काढले आणि कपाळाला हात लावला. सगळी चित्रं फिसकटली होती आणि भिंतीवर सात कवट्या उमटल्या होत्या.

"मग लेकराने डोळे उघडल्या उघडल्या मरण बघायचं का?"

लेकरू कधीच उठलं होतं आणि खालच्या कवटीच्या दातांवर थापट्या मारत खिदळत होतं.

तिने धुसफुसत पुन्हा ठशावर शाई फिरवली. सासूबाईंनी बाळाला कडेवर घेतलं. "आता एखादी तरी हसरी कर."

"सगळ्या हसऱ्याच आहेत, आई. ओठच नाहीत, तर दुसरं काय करतील बिचाऱ्या?"